चटणी, चौकशी आणि प्रश्नमंजूषा

मागील वर्षी या अंकासाठी मी एक कविता दिली होती. ती छापली नाही याबद्दल संपादक मंडळाचे मी आज जाहीर आभार मानते. यंदा मंडळाने "काहीतरी उपयोगाचे लिहून द्या" असे बजावले आहे. उपयोगाची म्हणता येईल अशी एकच विद्या मजजवळ आहे, आणि तिची फी मी भरलेली नसून माझ्या मावशीच्या बचतगटातील अकरा बायकांनी भरली आहे. विक्रीसाठी लोकांना प्रश्न कसे विचारावेत, मोबाइलवर भरता येईल असा फॉर्म कसा रचावा आणि प्रश्नमंजूषेतून गिऱ्हाईक कसे जोडावे, ही ती विद्या. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी पापड, शिवणकाम, शिकवणी, रोपवाटिका असे काही ना काही चालतेच. त्यांच्या कामी यावे म्हणून हा लेखनप्रपंच.

मावशीचे गाव कराडपासून पाऊण तासावर आहे. तिचा गट दर उन्हाळ्यात चटणी करतो. मिरचीची खरेदी वर्षातून एकदाच, नवी मिरची बाजारात आली की. मग ती वाळवायची, देठ खुडायचे, कांदा-लसूण-खोबरे भाजून घ्यायचे आणि सगळे डंकावर कुटून आणायचे. लवंगी किती, संकेश्वरी किती, ब्याडगी किती हे आधीच ठरवावे लागते. अंदाज चुकला तर दुरुस्ती पुढच्या वर्षी. २०२४ च्या फेब्रुवारीत मावशीच्या मनात आले की गावात पंचवीस किलो खपते, तर पुण्याला का खपू नये? मला म्हणाली, "तू शिकलेली हायेस, जरा इचारून बघ की लोकांस्नी."

मी मोठ्या उत्साहाने गूगल फॉर्म्सवर एक फॉर्म तयार केला. ही सोय फुकट असते. प्रश्न लिहायचा, खाली पर्याय द्यायचे, तयार झालेला दुवा व्हॉट्सॲपवर पाठवायचा. उत्तरे आपोआप तक्त्यात जमा होतात. मुख्य प्रश्न असा होता : "आमच्या बचतगटाची घरगुती चटणी पुण्यात घरपोच मिळाली तर तुम्हांला आवडेल का?" नातेवाइकांच्या, शाळेतल्या मैत्रिणींच्या आणि एका गृहसंस्थेच्या गटात तो फिरला. एकशे सेहेचाळीस जणांनी भरला आणि त्यांतील एकशे एकतीस जणांनी "हो" म्हटले. शेकडा नव्वद! मी त्या आकड्याचे रंगीत वर्तुळ मावशीला पाठविले. गटाने छत्तीस हजार रुपये घालून ऐंशी किलो चटणी केली. दसऱ्यापर्यंत पुण्यात खपली तेवीस किलो, तीही बहुतांशी नात्यातल्या माणसांनी भिडेखातर घेतलेली. उरलेली पुढे यात्रेत पडत्या भावाने काढावी लागली. गटातल्या एका काकूंनी मुलीच्या फीसाठी बाजूला ठेवलेले पैसे यात घातले होते. त्या मला एक शब्दही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

चूक कोठे झाली हे मला पुण्यातील एका ओळखीच्या बाईंच्या स्वयंपाकघरात कळले. त्यांनी फॉर्मवर "हो, नक्की" असे उत्तर दिले होते आणि पुडाही घेतला होता. मी विचारले, "पुन्हा का नाही मागवलीत?" त्या म्हणाल्या, "अगं, मला वाटलं शेंगदाण्याची नाहीतर लसणाची चटणी असेल. तेल घालून पोळीबरोबर घेतली, तर डोळ्यांतून पाणी!" आमच्याकडचा माणूस तीच गोष्ट भाकरीबरोबर आनंदाने खातो, हे सोडा. मुद्दा असा की सातारा-कोल्हापूरकडे 'चटणी' म्हटले की आमटी-भाजीत घालावयाचा कांदा-लसूण मसाला, आणि पुण्यातल्या अनेक घरांत 'चटणी' म्हटले की ताटात डावीकडे वाढावयाचा पदार्थ. मी एक प्रश्न विचारला होता आणि लोकांनी दुसऱ्याच प्रश्नाला उत्तर दिले होते. तक्त्यात मात्र दोन्ही उत्तरे सारखीच दिसत होती.

भाषेच्या विद्यार्थिनीला हे आधी सुचू नये, याची लाज वाटली. मग मी ग्रंथालयात बसून या विषयावर मिळेल ते वाचू लागले. घरोघर जाऊन शिस्तीने प्रश्न विचारण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी केली, तिचा पहिला भाग १९४५ साली प्रसिद्ध झाला. आपल्या हातातील मोबाइलने फॉर्म वाटणे सोपे केले आहे, इतकेच. विचारण्याचे कष्ट होते तेवढेच राहिले आहेत.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळते.

फॉर्म उघडण्यापूर्वी कागदावर एक वाक्य लिहावे : या उत्तरांवरून मी काय ठरविणार आहे? आमच्या बाबतीत ते "मिरची किती व कोणती घ्यायची, आणि पुडा केवढा करायचा" असे होते. नंतर प्रत्येक प्रश्नापुढे बोट ठेवून स्वतःला विचारावे की याचे उत्तर 'हो' आले काय आणि 'नाही' आले काय, माझ्या ठरावात फरक पडतो का? पडत नसेल तर तो प्रश्न काढून टाकावा. माझ्या पहिल्या फॉर्ममध्ये वय, शिक्षण, व्यवसाय, घरातील माणसे असे सगळे होते. का होते? इतरांच्या फॉर्ममध्ये असते म्हणून! त्या माहितीचा मी पुढे काडीचाही उपयोग केला नाही.

दुसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. "आवडेल का", "घ्याल का" असे विचारू नये. "मागच्या महिन्यात काय घेतले" असे विचारावे. आपल्याकडे ओळखीच्या माणसाला तोंडावर 'नाही' म्हणणे हा उद्धटपणा समजला जातो. त्यात बचतगटाच्या बायकांचा फोटो वर लावलेला! "आवडेल का" याला नाही म्हणणारे जे पंधरा जण निघाले, त्यांच्या सचोटीला मी आता नमस्कार करते. याउलट "गेल्या महिन्याभरात तुमच्या घरी तयार मसाल्याचा शेवटचा पुडा केव्हा आणला? तो किती वजनाचा होता?" या प्रश्नात भिडेला जागाच नाही. माणूस फडताळ आठवतो आणि सांगतो.

शब्दरचनेत आणखी काही खाचखळगे आहेत. "आमच्या मसाल्याची चव व किंमत कशी वाटली?" या एका वाक्यात दोन प्रश्न आहेत. चव आवडली पण किंमत खटकली, त्याने काय लिहावे? पर्याय देताना "१०० ते २०० रुपये" आणि "२०० ते ३०० रुपये" असे दिले तर बरोबर दोनशे खर्च करणारा कोठे बसणार? एकातून "२०१ ते ३००" केले की प्रश्न मिटतो. "यांपैकी काहीही नाही" ही पळवाट प्रत्येक ठिकाणी ठेवावी, नाहीतर लोक खोटे उत्तर देऊन पुढे सरकतात. मत किती तीव्र आहे ते जाणून घ्यायचे असेल तर 'अगदी पटते' पासून 'मुळीच पटत नाही' पर्यंत पाच पायऱ्यांची मोजपट्टी वापरतात. ती रेन्सिस लिकर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली मांडली आणि मानसशास्त्राच्या आपल्या पुस्तकांतही ती भेटते. अशा क्रमवार पायऱ्या उलटसुलट करू नयेत; पण मसाल्यांची किंवा दुकानांची नावे असतील तर पर्यायांचा क्रम प्रत्येकासाठी बदलता ठेवण्याची सोय फॉर्ममध्ये असते, ती जरूर वापरावी. कंटाळलेले बोट पहिल्या पर्यायावर पडते.

एवढे करूनही 'चटणी'सारखा शब्द सापडेलच असे नाही. त्यासाठी एकच उपाय मला माहीत आहे. फॉर्म जगाला पाठविण्यापूर्वी पाच माणसांच्या शेजारी बसावे आणि प्रत्येकाला तो मोठ्याने वाचायला लावून "हे वाचून तुमच्या मनात काय आले?" असे विचारावे. आपण मध्ये बोलू नये. हे फार कठीण जाते, कारण समोरचा अडखळला की "अहो, म्हणजे असं" म्हणून सांगण्याचा मोह होतो. व्हॉट्सॲपवर प्रश्न जाईल तेव्हा "म्हणजे असं" सांगायला आपण तेथे नसतो. माझ्या दुसऱ्या फॉर्मच्या वेळी पाचांपैकी तिघांनी 'मसाला' म्हणजे गोडा मसाला धरला. म्हणून शेवटी प्रश्नाच्या वर पुड्याचे छायाचित्र घातले आणि "लाल, तिखट, कांदा-लसूण घातलेला, भाजीत घालावयाचा" असे चार शब्द खर्च केले.

कोणाला विचारले, हाही प्रश्न आहेच. अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट' नावाच्या साप्ताहिकाने १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीत सुमारे एक कोटी मतपत्रिका टपालाने पाठविल्या. तेवीस लाखांवर परत आल्या. त्यांवरून लँडन निवडून येणार असे त्यांनी छापले. प्रत्यक्षात रूझवेल्ट अठ्ठेचाळीसपैकी सेहेचाळीस राज्यांत विजयी झाले. साप्ताहिकाने पत्ते घेतले होते मुख्यतः टेलिफोनच्या आणि मोटारींच्या नोंदींतून. मंदीच्या त्या काळात टेलिफोन व मोटार बाळगणारे कोण होते, ते सांगायला नको. शिवाय ज्यांनी आपण होऊन पत्रिका परत धाडली ते न धाडणाऱ्यांहून वेगळे होते. त्याच वेळी जॉर्ज गॅलप यांनी त्या मानाने मूठभर लोकांना नीट निवडून विचारले आणि निकाल बरोबर सांगितला. माझे एकशे सेहेचाळीस म्हणजे छोटेखानी लिटररी डायजेस्टच. मावशीला ओळखणारे किंवा मला ओळखणारे! दुसऱ्या वेळी मी पुण्यातल्या दोन किराणा दुकानदारांना विनंती केली आणि मसाल्याच्या फळीशी उभे राहणाऱ्या गिऱ्हाइकांना दुवा दिला. जानेवारी २०२५ मध्ये अठ्ठावन्नच फॉर्म भरले गेले, पण भरणाऱ्यांपैकी कोणीही माझी आत्या नव्हती. त्यांतील एकेचाळीस जणांनी शेवटचा पुडा शंभर ग्रॅमचा घेतला होता. आम्ही अर्ध्या किलोचे पुडे घेऊन फिरत होतो. पावसाळ्यात उघडलेला अर्धा किलो सर्दावतो, हे त्यांना ठाऊक होते आणि आम्हांला, वर्षाची बरणी भरून ठेवणाऱ्यांना, सुचलेच नव्हते. अठ्ठावन्नांवरून मी टक्केवारी काढली नाही. इतक्या लहान संख्येला टक्क्यांची टोपी घातली की ती उगाच मोठी दिसते.

हे झाले सर्वेक्षण. त्यात आपण विचारतो आणि आपल्याला मिळते; भरणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. म्हणून ते लहान असावे. प्रश्नमंजूषेचे तसे नाही. ती सोडविणाऱ्याला गंमत वाटते, काही नवे कळते, आणि ती तो आपण होऊन दुसऱ्याला पाठवितो. विक्रीसाठी तिचा उपयोग आपल्या देशाला नवा नाही. बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट १९७२ साली सुरू झाली, रेडिओवर गाजली आणि पुढे दूरचित्रवाणीवर आली. स्पर्धा शाळकरी मुलांची, नाव मात्र दुधात घालावयाच्या पुडीचे.

गूगल फॉर्म्समध्येच सेटिंग्जमध्ये जाऊन फॉर्मची प्रश्नमंजूषा करता येते. मग प्रत्येक प्रश्नाला बरोबर उत्तर आणि गुण ठरवून देता येतात आणि उत्तरानंतर दिसणारे चार ओळींचे स्पष्टीकरणही लिहिता येते. खरा जीव या स्पष्टीकरणात आहे. आम्ही 'डब्यातले ओळखा' या नावाने आठ प्रश्नांची मंजूषा केली. छायाचित्र दाखवायचे आणि विचारायचे. दगडफूल हे फूल नसून बुरशी आणि शैवाल यांच्या सहवासातून वाढणारी वनस्पतीसदृश रचना आहे. चक्रीफूल हे फळ आहे. लवंग ही न उमललेली कळी. जायपत्री म्हणजे जायफळाच्या बीवरचे जाळीदार आवरण. आणि जिच्यावाचून आमचे पान हलत नाही ती मिरची पोर्तुगीजांबरोबर अमेरिका खंडातून इकडे आली. दगडफुलाच्या प्रश्नाला आमच्या गटातल्या सात बायका चुकल्या, आणि त्या चाळीस वर्षे ते कुटत आहेत! गुण कमी पडले म्हणून कोणी रागावले नाही. उलट "तुला किती पडले?" असे विचारीत लोकांनी ती पुढे धाडली. शेवटच्या पानावर आमच्या शंभर ग्रॅमच्या पुड्याचे चित्र आणि मागविण्याची रीत होती. आधी कोठेही नव्हती.

दुसरा प्रकार 'तुम्हांला कोणते शोभेल' असा. यात बरोबर-चूक नसते; उत्तरांवरून शेवटी एक शिफारस मिळते. ही रचताना उलट्या टोकाने सुरुवात करावी. आधी शेवटच्या शिफारशी लिहाव्यात. आमच्या दोनच होत्या : झणझणीत, लवंगीचा, आणि रंगाला लाल पण मवाळ, ब्याडगीचा. मग विचार करावा की कोणत्या उत्तराने माणूस कोणीकडे झुकतो. घरात लहान मूल आहे का, रस्सा पातळ आवडतो की दाट, अशी दोन-तीन उत्तरे पुरतात. फॉर्ममध्ये 'उत्तरानुसार अमुक विभागाकडे जा' अशी सोय असते, पण ती एका वेळी एकाच उत्तराकडे पाहते. तीन पर्यायांचे दोन प्रश्न ठेवले की नऊ वाटा होतात, तिसरा घातला की सत्तावीस. मी एका रात्री सत्तावीस विभाग करायला बसले होते आणि पहाटे माझी मीच हरवले. हा वृक्ष आधी कागदावर काढावा आणि फांद्या छाटाव्यात. शिफारशी दोनच असताना सत्तावीस वाटा हव्यात कशाला?

तयार झालेले सारे स्वस्तातल्या मोबाइलवर, उन्हात उभे राहून एकदा भरून पाहावे. संगणकावर सुबक दिसणारा तक्ता मोबाइलवर आडवा सरकवावा लागतो आणि माणूस तेथेच सोडून देतो. सोडून गेलेल्यांची नोंद या फॉर्ममध्ये राहत नाही, त्यामुळे किती जण अर्ध्यातून उठले हे आपल्याला कधी कळतच नाही. 'एका व्यक्तीला एकदाच' अशी अट घातली तर गूगल खात्यातून आत यावे लागते. त्या उंबरठ्यावर आमच्या कितीतरी काकू थांबल्या.

एका गोष्टीवरून माझे आणि गटातल्या एका तरुण सूनबाईंचे भांडण झाले, तेही सांगते. त्यांचे म्हणणे असे की मंजूषेचे गुण दाखविण्यापूर्वी मोबाइल क्रमांक सक्तीचा करावा. आपल्याला आयती यादी मिळेल. दुकाने असे करतात हे खरे. मी त्यांना केंब्रिज अॅनालिटिकाची हकीगत सांगितली. फेसबुकवर व्यक्तिमत्त्व-चाचणीचे एक अॅप होते. सुमारे दोन लाख सत्तर हजार लोकांनी ते घेतले, आणि त्यांच्या मित्रांच्या याद्यांतून तब्बल आठ कोटी सत्तर लाखांपर्यंत माणसांची माहिती बाहेर गेली असावी, असे २०१८ साली फेसबुकनेच सांगितले. भारतात ते अॅप घेणारे होते फक्त तीनशे पस्तीस. माहिती गेली असण्याची शक्यता असलेले पाच लाख बासष्ट हजारांवर. गंमत म्हणून भरलेली चाचणी! आपल्या देशातही २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे. माहिती कशासाठी घेत आहोत ते स्पष्ट सांगून, मोकळेपणाने दिलेली संमती घ्यावी, असा त्याचा रोख आहे. अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत पालकांची संमती लागते. आमची मंजूषा सोडविणाऱ्यांत शाळकरी मुले पुष्कळ होती.

सूनबाईंना यातले काहीच पटले नाही. पटवले ते मावशीने. ती म्हणाली, "आपल्या दारात कोण पानी मागाया आलं, तर आदी नाव-गाव इचारतीस व्हय?" शेवटी क्रमांकाची चौकट सर्वांत शेवटी ठेवली, ऐच्छिक, आणि वर लिहिले : "मसाला तयार झाल्याचा निरोप हवा असेल तरच लिहा. दुसऱ्या कशासाठीही वापरणार नाही." शंभरातल्या वीस-बावीस जणांनी लिहिला असेल. सूनबाई अजून म्हणतात की यादी लहान राहिली. त्यांचे म्हणणे अगदीच चूक आहे असे मलाही म्हणता येत नाही.

२०२५ च्या उन्हाळ्यात गटाने पुण्यासाठी तीसच किलो केला, शंभर-शंभर ग्रॅमच्या पुड्यांत, वर ठळक अक्षरांत 'कांदा-लसूण मसाला'. दिवाळीपूर्वी संपला. फीचे पैसे घालणाऱ्या काकूंना त्यांचे पैसे परत मिळाले, जरी एक वर्ष उशिरा. त्यांच्या मुलीने ते वर्ष कसे काढले हे मी त्यांना विचारलेले नाही.

पुढच्या मिरचीसाठीचा फॉर्म मी तेरा प्रश्नांचा करून मावशीकडे नेला होता. तिने चष्मा लावून तो सगळा मोठ्याने वाचला, पाच प्रश्नांवर काट मारली, आणि सहाव्यापाशी थांबून विचारले, "ह्ये 'प्राधान्यक्रम' म्हंजे काय गं?"